दोन मितानांचे चेहरे

सांगलीकरांना गोंदिया ठाऊक असतं ते रेल्वेच्या डब्यावरच्या पाटीपुरतं. ती पाटी मी लहानपणापासून पाहत आले. पण तिच्यावरच्या दुसऱ्या टोकाला खरोखर उतरून तिथं चहा प्यायलेलं आमच्या ओळखीत कुणी नव्हतं. साठी जवळ आल्यावर मी उतरले. सोबत एक कपड्यांची पिशवी आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचं एक भलंमोठं पोतं. फलाटावरच्या हमालानं पोतं उचलून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, आटा लेके आए क्या?" मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायला गेले असते तर तासभर तिथंच मोडला असता.

खरं असं होतं. मी मूर्तिकार. नागपूरकडच्या एका शेठजींनी जंगलालगत रिसॉर्ट बांधलं होतं आणि त्यात त्यांना एक दालन हवं होतं, 'या मातीचे वंश' नावाचं. एका भिंतीला आर्य वंशाचे पुतळे, समोरच्या भिंतीला द्राविड वंशाचे, प्रत्येकाखाली पितळी पाटी. गोंड कसा दिसतो, कोहळी कसा दिसतो, पोवार कसा दिसतो, हे पर्यटकाला एका फेरीत कळावं. ही कल्पना मला पहिल्या फोनपासूनच पटलेली नव्हती. आयुष्यभर माणसांची तोंडं घडवताना एक गोष्ट हातांना कळलेली आहे: एका आईच्या दोन मुलांची नाकं जुळत नाहीत, तिथं अख्ख्या जमातीला पुरेल असं एक नाक आणायचं कुठून? पण चेहरे खऱ्या माणसांवरूनच घ्यायचे, एवढं मी कबूल करून घेतलं आणि निघाले. पुढचं पुढे, असा माझा एकूण स्वभाव आहे.

कोहमारा

कोहमारा हा हायवेवरचा फाटा. चहूकडे ढाबे, ट्रक आणि टायरवाले. धान कापणीचे दिवस होते, रस्त्याकडेला बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांतून, पेंढ्यांचे ढीग दिसत होते. आम्हा दक्षिणेकडच्यांना तिखटाचा फार माज असतो. एका ढाब्यावर मी पोह्यांवर तर्री घालून मागितली, वर "अजून घाला" असंही म्हणाले. दोन घासांत तो माज उतरला. ढाबेवाल्यानं न मागता गुळाचा खडा आणून ठेवला; बाहेरून येणाऱ्यांची त्याला सवय असावी.

मला न्यायला रजनी आली होती. देवरीकडच्या एका आश्रमशाळेतली शिक्षिका, तिशीची, बोलायला थेट. शेठजींच्या माणसांनी चेहरे जमवायचं काम तिच्यावर टाकलं होतं. स्कूटरच्या पुढ्यात पोतं, मागे मी, अशी आमची वरात नवेगावच्या दिशेनं निघाली. अर्ध्या वाटेत तिनं एका छोट्या तळ्याजवळ स्कूटर थांबवली. मला वाटलं पोतं सरकलं.

"मॅडम, एक गोष्ट आधी सांगून ठेवते," ती म्हणाली. "पहिला चेहरा माझ्या बाबांचा घ्या."

मग तिनं सांगितलं. वडील फागूजी, गोंड, देवरीकडच्या गावचे. जन्मभर खर्रा खाल्ला. तो सुपारी-तंबाखू-चुन्याचा चोळा या भागात चहासारखा चालतो, लहानथोर सगळे खातात. आता जबड्यात कॅन्सर निघालेला. नागपूरचे डॉक्टर म्हणतात, खालचा अर्धा जबडा काढला तर माणूस वाचेल, पण लवकर या. आणि फागूजी जायला तयार नाहीत. मरणाला ते घाबरत नव्हते. चेहरा जाईल याला घाबरत होते. "म्हणतात, तोंडच नाही राहिलं तर मी कोण राहिलो? बाजारात मला रामराम कोण करेल?" रजनी रस्त्याकडे पाहत बोलत होती. तिचा हिशेब साधा होता: चेहरा साच्यात जपून राहिला असं कळलं, तर कदाचित ते हो म्हणतील.

मी देवांचे, पुढाऱ्यांचे, गेलेल्या सासऱ्यांचे पुतळे केलेत. जिवंत माणसाला दवाखान्यात जायला राजी करायचं काम कधी कुणी दिलं नव्हतं. "घेऊ," एवढंच म्हणाले आणि पुन्हा मागे बसले.

नवेगाव बांध

मग तलाव दिसला. आमच्याकडे पाणी म्हणजे नदी, ती येते आणि जाते; कधी घरात शिरते. इथं सगळीकडून डोंगर आणि मध्ये हे एवढं पाणी, शांत, जणू कुणी बस म्हटलं म्हणून बसलेलं. आणि ते खरंच बसवलेलं आहे. कोहळी शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी डोंगरांमधल्या फटी मातीच्या पाळींनी बुजवून हे आणि असे कितीतरी तलाव उभे केले, अजून त्यांच्यावर धान पिकतं. पाळीवर उभं राहून मी पलीकडच्या पाणपक्ष्यांच्या ओळी पाहत होते आणि माणसाच्या चिकाटीला मनातल्या मनात हात जोडत होते.

मुक्काम दुलारामजींकडे होता. दुलाराम कोहळी, तलावाखाली त्यांची शेती. काळेसावळे, रुंद नाकाचे, कुरळ्या केसांचे आणि सतत काहीतरी पुटपुटणारे. त्यांच्या बायको शेवंताबाईंनी पहिल्याच जेवणात लाखोरीची डाळ, भात, तळ्यातले झिंगे आणि तांदळाच्या पातळ पिठाचे आयते वाढले. आमच्याकडे घावन म्हणतात तसेच, पण इतके मऊ की मी मोजायचं सोडून दिलं. शेवंताबाई म्हणाल्या, "खा जी. पोट का सांगलीले ठेवून आल्या का?"

फागूजी तिथंच उतरले होते. उंच, गोरेपान, धारदार नाकाचे, आणि मिशा अशा की दिवसातून दोनदा त्यांना तेल लागे. डाव्या गालाखाली सूज होती. ती बाजू ते गमछ्याखाली ठेवत. तोंड पुरतं उघडत नव्हतं, त्यामुळे शेवंताबाई त्यांच्यापुरती पातळ पेज वेगळी करत. कोहळ्याच्या घरात हा गोंड पाहुणा असा घरच्यासारखा कसा, हे मला कळेना.

हे दोघं मितान. पोरवयात, राखीच्या दुसऱ्या दिवशी, भुजल्या बुडवताना त्यांनी मितानी जोडलेली. भुजल्या म्हणजे टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब. ते तळ्यात सोडायचे आणि त्यातले चार एकमेकांच्या कानांवर खोवायचे, झाली मितानी. इतकं साधं, पण मोडता येत नाही. एकाच्या घरी सुतक पडलं तर दुसऱ्याच्या घरी पडतं. एकाची मुलं दुसऱ्याला फुलबाबा म्हणतात. दोन घरांत सोयरीक होत नाही, कारण ती आता भावकी झाली. आणि सगळ्यात कडक नियम असा की मितानानं मितानाचं नाव घ्यायचं नाही, जन्मात नाही.

हे मला कळलं ते साचे गुंडाळायच्या फडक्यांवर आधीच नावं घालून ठेवताना. फागूजींचं पूर्ण नाव काय, म्हणून मी दुलारामजींना विचारलं. ते खिसे चाचपू लागले. पुन्हा विचारलं, तर म्हणाले, "होळी कोनत्या महिन्यात येते जी?"

"फाल्गुनात."

"झालं त मंग." आणि बिडी शोधायला उठून गेले. शेवंताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो. इथं मितानाचं नाव उखाण्यातही बसत नाही.

सगळं गोडच होतं असं मी सांगणार नाही. शेवंताबाईंनीच सांगितलं की त्यांची सासू असेपर्यंत फागूजींचा लोटा वेगळा असायचा, ओसरीच्या कोनाड्यात उपडा. मितान ओसरीपर्यंत, चुलीपर्यंत नाही. सुतक दोन्ही घरांत पाळायचं आणि पाणी मात्र वेगळ्या लोट्यातून द्यायचं, हे नव्यानं सून होऊन आलेल्या शेवंताबाईंना समजेना. सासू गेल्यावर त्यांनी तो लोटा मोडीत दिला. "आता चुलीपाशी बसते अन् माह्याच पेजेले नावं ठेवते," त्या फागूजींबद्दल म्हणाल्या.

ओसरीवरचं काम

चेहऱ्याचा साचा घ्यायचा म्हणजे आधी मिशा-भुवयांना तेल, मग दातांचे डॉक्टर वापरतात तसली मऊ पेस्ट, तिच्यावर हाड मोडल्यावर बांधतात त्या प्लास्टरच्या पट्ट्या. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या. धीर द्यायला दुलारामजी आधी आडवे झाले आणि पेस्ट घट्ट होईपर्यंत आतून गुणगुणत राहिले, त्यामुळे पहिला साचा वाया गेला. दुसऱ्या वेळी शेवंताबाई उशाशी पळी घेऊन बसल्या. तो साचा नीट निघाला.

फागूजींनी आधी मिशा नीट करून घेतल्या. आडवे झाल्यावर म्हणाले, "मॅडम, सूज नोका घेऊ." मी म्हटलं, जशी आहे तशी घेते, नंतर मातीतून काढून टाकता येईल. त्यांच्या गालावर पट्टी बसवताना ती गाठ बोटांखाली आली, दगडासारखी. मी हात हलका केला. रजनी खांबाला टेकून उभी होती. तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं. पट्ट्या घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, तेव्हा फागूजींनी माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी पाळीवर बसून मी रजनीला म्हटलं, झालं, आता तरी तयार होतील ना? ती म्हणाली, विचारलं. ते म्हणतात, मुखवटा तिकडं शेठजींच्या दालनात राहील, मी इथं अर्ध्या तोंडानं राहू का? म्हणजे माझ्या प्लास्टरचा उपयोग शून्य. मला त्या दिवशी स्वतःच्या कलेचा राग आला.

मग ती तिचं सांगत बसली. बापासारखीच ती गोरी. नागपूरला शिकताना मुली म्हणायच्या, तू आदिवासी वाटत नाहीस. त्यांना ते कौतुक वाटायचं. "मॅडम, मी गोंड आहे हे काही खोटं नाही. आमची बोली आहे, आमचे पेन म्हणजे देव आहेत, कुणाच्या घरी द्यायचं-घ्यायचं याचे नियम आहेत. ते सगळं माणसांनी माणसांना शिकवलेलं. नाकात कुठं काय लिहिलंय?" हे असं सरळ मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तळ्यावरून मासेमार परतत होते, त्यांच्या होड्या काठाला लागेपर्यंत आम्ही बसलो.

दोन पांढरी तोंडं

साच्यांत प्लास्टर ओतून दुसऱ्या दिवशी मी दोन्ही चेहरे बाहेर काढले आणि शेणानं सारवलेल्या ओसरीवर उन्हात मांडले. पांढरेशुभ्र. एकाचं सावळेपण गेलं, दुसऱ्याचं गोरेपण गेलं. रंग म्हणजे शेवटी पिढ्यानपिढ्यांच्या उन्हाचा हिशेब, तो प्लास्टरमध्ये उतरत नाही. राहिली दोन म्हाताऱ्यांची तोंडं, कपाळावर सारख्याच आठ्या, ऊन डोळ्यांवर घेऊन बांधीत उभं राहिल्यानं डोळ्यांच्या कडांना सारख्याच सुरकुत्या. धान कापायला निघालेल्या बाया थांबल्या. हा दुलाराम, हा फागू, असं त्यांनी झटक्यात ओळखलं. मी विचारलं, यातला गोंड कोण, ते तोंडावरून सांगता येईल का? त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं उलट मलाच विचारलं, "तोंडावरून कायले सांगाचं? मानूस मालूम हाये ना."

दुपारी मी शेठजींना फोटो पाठवला. नावं लिहिली नव्हती. पाच मिनिटांत फोन आला. माझे हात प्लास्टरचे, म्हणून रजनीनं तो स्पीकरवर लावला. ओसरीवर आम्ही सगळेच होतो. फागूजी खाटेवर, दुलारामजी जमिनीवर दोरी वळत.

"मॅडम, क्या बात है," शेठजी खूश होते. "डावीकडचा एकदम असली गोंड. ते रुंद नाक, ते ओठ, हेच पाहिजे होतं. आणि उजवीकडचा तर बघताच कळतो, आर्य वंशाचा, कोहळी पाटील. खानदानी चेहरा आहे."

डावीकडचे दुलारामजी होते. दोरी वळायची थांबली.

मी सांगितलं की उलटं आहे. मग शेठजी म्हणाले, असं असेल तर पाट्या बदलून टाका, पब्लिकला काय कळतंय. चेहरे वंशाला शोभले पाहिजेत. माझी जीभ तशी आधीच तिखट आहे. मी म्हटलं, शोभत नसतील तर तुमच्या वंशातच काहीतरी खोट असेल, माणसांत नाही. आणि हे दोन्ही चेहरे तुमच्या दालनासाठी नाहीत. फोन ठेवला. म्हणजे रजनीला ठेवायला सांगितला.

आणि तेवढ्यात खाटेवरून एक विचित्र आवाज आला. मी घाबरून वळले. फागूजी हसत होते. तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडून, गाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मितान," ते दुलारामजींना म्हणाले, "त्याईनं तुले गोंड केलं अन् मले पाटील केलं."

"मंग पाटलासारखा वाग," दुलारामजी म्हणाले. "माही पेज पिऊन राहिला फुकट."

हसू ओसरलं. फागूजी उठून त्या पांढऱ्या चेहऱ्यांपाशी उकिडवे बसले. आपला हातात घेतला, फिरवून पाहिला. मग हळूहळू, शब्द जुळवत बोलले. "मी त मोठा जीव लावून बसलो होतो या तोंडाले. याच्यातच मी आहो म्हनून. अन् त्या मानसानं अख्खं तोंड पाहिलं, मिशीसंग पाहिलं, अन् त्याले समजलं नाई का मी कोन." त्यांनी प्लास्टरच्या गालावर अंगठा फिरवला. "मंग अर्धं गेलं त माहं काय जाईल?"

त्यांनी मितानाकडे पाहिलं. "तू वळखशील का?"

दुलारामजींनी दोरीचा पीळ पुन्हा हातात घेतला होता. वर न पाहता ते म्हणाले, "मी का तोंड पाहून मितानी जोडलो होतो का?"

फागूजींनी चेहरा खाली ठेवला आणि रजनीला म्हणाले, नागपूरच्या डॉक्टरला फोन लाव. तिनं लावला, दिवस ठरवला, आवाज अगदी शाळेतला ठेवून. मग आत गेली. शेवंताबाई तिच्यामागून पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या. मी हात धुवायला विहिरीवर गेले, कारण मलाही रडू आवरत नव्हतं आणि परक्या ओसरीवर रडायची मला लाज वाटते. एवढ्या मोठ्या भीतीतून इतक्या साध्या वाटेनं बाहेर पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. शेठजींच्या मूर्खपणाचे मनातल्या मनात आभार मानले, ते मात्र त्यांना कधी कळवले नाहीत.

मोहाच्या दिवसांत

ते पांढरे चेहरे मी सांगलीला नेले. त्यांवरून नवे साचे घेतले, त्यांत माती दाबून दोन चेहरे काढले, भट्टीत भाजले. लाल मातीचे, दोघांचा रंग एकच. फागूजींच्या गालावरची सूज उतरवली. मोहाची फुलं गळायच्या दिवसांत पुन्हा त्या गाडीत बसले. या वेळी पोतं नव्हतं, दोन चेहरे गोधडीत गुंडाळून मांडीवर होते.

कोहमाऱ्याच्या पुढच्या वाटेवर मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या, सगळ्या रानाला गोडसर वास. नवेगावला पोचले तर ओसरीवर एक माणूस बसलेला. चेहरा एका बाजूनं आत गेलेला, हनुवटी वाकडी, मिशा उरल्याच नव्हत्या. मी ज्या चेहऱ्याचा कण न् कण बोटांनी ओळखत होते तो हा नव्हताच. मी नमस्कार केला आणि पुढे फागूजींची चौकशी करणार, तेवढ्यात दुलारामजी आतून आले आणि त्या माणसाशेजारी बसत म्हणाले, "मितान, मॅडम आल्या, पाह्य."

मी गोधडी सोडली. मला वाटलं होतं फागूजी स्वतःचा जुना चेहरा उचलतील, निदान त्याच्याकडे बघत राहतील. त्यांनी दुलारामजींचा उचलला आणि पाणी घेऊन आलेल्या रजनीला तो घरी नेऊन दारापाशी लावायची खूण केली. फागूजींचा दुलारामजींनी ठेवून घेतला. हे आधीच ठरलेलं असावं, किंवा ठरवायची गरजच नसावी. शेवंताबाईंनी खिळा शोधला आणि ओसरीच्या भिंतीवर, जिथून तळ्याची पाळ दिसते तिथं, मिशाळ फागूजी टांगले गेले.

दुपारी फागूजी त्याच भिंतीखाली बसून वाटीनं पेज पीत होते. थोडी सांडत होती. दुलारामजी गमछ्यानं पुसत होते आणि पुटपुटत होते. मला राहवलं नाही. मी फागूजींना विचारलं, वर तो चेहरा बघून वाईट नाही वाटत?

त्यांचं बोलणं आता फार अस्पष्ट येतं. रजनीनं कान लावून ऐकलं आणि मला सांगायला तोंड उघडलं; पण त्यांनी तिला हातानं थांबवलं, वाटी खाली ठेवली, वाकड्या हनुवटीला हात लावला आणि मला कळेल इतकं सावकाश स्वतःच म्हणाले, "तो मितानाचा हाये, मॅडम. माहावाला माह्यापाशी हाये."